मुखड्यापुढचं गाणं

धुळ्यात मला माझ्या नावानं ओळखणारे कमी आणि ‘बँडमधली बाई’ म्हणून ओळखणारे जास्त होते. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, बँडमध्ये लेडीज गाणी मी म्हणायचो. त्या वेळी आमच्या भागातल्या बँडमध्ये गायला बाई नसायचीच. भर रस्त्यात, नाचणाऱ्या पोरांच्या गर्दीत, हातगाडीच्या कर्ण्यांशेजारी उभं राहून बाईनं गावं, हे कुणाच्या मनातही येत नव्हतं. पण लग्नात वाजणारी निम्मी गाणी तर बायकांचीच. मग एखादा पुरुष गळा वर चढवायचा आणि ती निभावून न्यायचा. आमच्याकडे हे काम करणारा गडी ऐन लग्नसराईच्या तोंडावर सुरतेला निघून गेला, आणि आबा डोक्याला हात लावून बसले. मी मागच्या अंगणात चिंचेच्या कोळानं ट्रम्पेट घासत बसलो होतो आणि घासता घासता त्या गड्याचं गाणं त्याच्यासारखंच म्हणत होतो. मिसरूड फुटलं होतं, बोलायचा आवाज घोगरा झाला होता. पण त्याच्या वरचा एक आवाज माळ्यावर ठेवलेल्या चांगल्या भांड्यासारखा शाबूत राहिला होता. आबा दारात येऊन उभे राहिले, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या मापाचा ड्रेस शिंप्याकडे टाकला गेला.

आमचं घर म्हणजे राहायची जागा कमी आणि बँडचं गोदाम जास्त. पुढच्या खोलीत ढोल, मागच्या खोलीत पितळी वाद्यं, आणि अंगणातल्या तारेवर सोनेरी झालरीचे लाल डगले वाळत घातलेले. सकाळी डोळे उघडायचे ते नागो नानांच्या क्लॅरिनेटनं. नाना आमचे नातेवाईक नव्हेत, पण आबांच्या तरुणपणापासून बँडमध्ये होते, आणि घरात त्यांचा शब्द चालायचा. पत्ती ओठांत धरून ते आधी बराच वेळ नुसतं फुरफुरायचे, मग एकच सूर लांबवायचे, आणि मग माय स्वयंपाकघरातून ओरडायची, “नाना, पह्यले चहा पी ल्या!” मायचं सगळं आयुष्य असं सुरांवर ओरडण्यात गेलं. सुपारीच्या दिवशी, म्हणजे लग्नाला वाजवायला जायचं त्या दिवशी, सगळी मंडळी आमच्याकडे जेवायची. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, शेवभाजीचा तवंगदार रस्सा, पाट्यावरचा ठेचा. रस्सा तिखट असायलाच हवा, असं आबांचं मत होतं. तिखटानं छाती मोकळी होते आणि फुंक चांगली लागते म्हणे. मी मात्र गाणारा, म्हणून माझ्यासाठी माय वेगळं साधं वरण काढून ठेवायची. त्यावरून ढोलवाले मला चिडवायचे, “बाई, वरनभात जेवा!” मीही पदर सावरल्यासारखं करून ताट ओढायचो. हसायला मला आवडायचं. हसणं आणि हिणवणं यांतला फरक मला तेव्हाही कळत होता. ढोलवाले हसायचे, पानटपरीवरची पोरं हिणवायची.

आता वरातीत गायचं म्हणजे काय, ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. वरात चालती असते. नवरदेव घोड्यावर, पुढं नाचणारे, त्यांच्या पुढं आम्ही. मुखडा आला की पोरं बेभान नाचतात. अंतरा सुरू झाला की घाम पुसतात, इकडंतिकडं बघतात, दुसऱ्या गाण्याची फर्माईश करतात. म्हणून मुखडा एकदा, दोनदा, फार तर तीनदा म्हणायचा, आणि आबांची शिट्टी वाजली की तिथल्या तिथं गाणं तोडून दुसरं धरायचं. आबांच्या शिट्टीत मोठी अक्कल होती. कुठल्या चौकात किती वेळ थांबायचं, कुणाच्या दारापुढं जरा जास्त वाजवायचं, कुणी पिऊन आडवा व्हायच्या बेतात आहे, हे सगळं बघून ते शिट्टी मारायचे आणि नवरदेवाला वेळेवर मांडवात नेऊन उभा करायचे. धुळ्यात त्यांच्या बँडचं नाव होतं ते याचसाठी. लोक म्हणायचे, या मास्तरांचा बँड असला की अक्षता वेळेवर पडतात.

त्याच सुमारास टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धेचं वेड घरोघरी शिरलं होतं, आणि स्पर्धेसाठी पोरं निवडायला मुंबईची माणसं जळगावला येणार अशी बातमी आली. बातमी आणली नानांनी. भाकरीचा तुकडा हातात तसाच ठेवून ते म्हणाले, “पोर्‍याले धाडू.” ताटावरचे सगळे आबांकडे बघू लागले. आबांनी रस्सा ओरपला, मिशी पुसली आणि सांगितलं, “आपला आवाज वरातना शे. टीव्हीना नही.” वरातीचा आवाज टीव्हीला कशाला, विषय संपला, असं त्यांना वाटलं. माझ्या डोक्यात तो तिथूनच सुरू झाला. मला नाव नको होतं, पैसाही नको होता, हे आज म्हणणं सोपं आहे; तेव्हा दोन्ही हवं होतं. पण त्याहून जास्त मला काय हवं होतं, तर पानटपरीवरच्या पोरांनी मला त्या पेटीत बघावं, बाईच्या आवाजात गाताना बघावं, आणि त्यांच्या तोंडातला विडा तोंडातच राहावा. त्या वयात यापलीकडचं सुख मला ठाऊक नव्हतं.

नाना मला आबांच्या नकळत जळगावला घेऊन गेले. तिथं गाण्याचे क्लास घेणारे एक सर त्यांच्या ओळखीचे होते. एसटीतून पारोळा, एरंडोल करत आम्ही भर उन्हात पोचलो. सरांच्या खोलीत गालिचा, तानपुरा आणि दहाबारा स्वच्छ इस्तरीची मुलं. सर सज्जन होते; त्यांनी पाणी दिलं, बसवलं आणि म्हणाले, “गा, तुझं आवडतं गा.” मी डोळे मिटले आणि वरचा आवाज लावला. मुलांमध्ये खुसखुस झाली, मग थांबली. मुखडा झाला. पुन्हा एकदा झाला. आणि मी गप्प बसलो.

“पुढं?” सरांनी विचारलं.

पुढं काही नव्हतं. हे गाणं मी शेकडो वरातींत म्हटलं होतं, झोपेत उठवून म्हणायला सांगितलं असतं तर म्हटलं असतं. पण त्याचा अंतरा माझ्या तोंडून कधी गेलाच नव्हता. दुसरं धरलं, त्याचंही तेच. तिसरंही मुखड्याशी येऊन अडकलं.

“अरे, पुढं काय होतं या गाण्यात?”

“पुढं वरात सरकते, सर,” मी म्हणालो.

खोली अशी हसली की तानपुराही झणझणला असेल. मी काही विनोद केला नव्हता. खरंच तेवढंच ठाऊक होतं. सरांनी हसू आवरलं आणि आपुलकीनंच समजावलं. आवाज आहे, म्हणाले. पण तिथं जायचं तर पुरुषाच्या आवाजात एक गाणं पूर्ण बसव. बँडचं नाव काढू नकोस, बँडवाला म्हटलं की आधीच शिक्का बसतो. आणि हा बाईचा आवाज शेवटी जरासा काढून दाखव, गंमत म्हणून, लोकांना हसायला आवडतं. मी मान हलवली, पाया पडलो आणि बाहेर आलो. एसटी स्टँडवर उसाचा रस पिताना नाना ग्लासात बघत म्हणाले, “तुले एकट्याले कसाले हसनात त्या? पुढलं कडवं तं माले बी वाजाडता येत नही रे. मी बी बठ्ठा जनम मुखडाच वाजाडेल शे.”

ते वाक्य मला आजही उसाच्या रसाच्या वासाबरोबर आठवतं. सगळा बँडच मुखड्यापुरता होता. आणि त्या क्षणी मला सरांचा राग आला नाही, त्या इस्तरीवाल्या पोरांचाही नाही. राग आला तो त्या मोडलेल्या गाण्यांचा. कुणीतरी बसून पूर्ण गाणं लिहिलं, कुणीतरी चाल लावली, आणि आम्ही त्याचं डोकं तेवढं कापून गावभर मिरवत होतो.

मग मी अंतऱ्यांच्या मागं लागलो. शेजारच्या घरून कॅसेटी मागून आणल्या, टेप पुढंमागं करून शब्द पाठ केले. नाना माझ्याबरोबर मधले तुकडे बसवू लागले. माय बट्ट्यांची कणीक मळत असायची, आणि मी चुलीजवळच्या पाटावर बसून पूर्ण गाणी म्हणायचो. एको लावलेल्या माइकमध्ये आवाज गुबगुबीत होतो, चुका झाकल्या जातात. चुलीजवळ तसलं काही नव्हतं. माझा आवाज इतका बारीक आणि उघडा आहे, हे मला तिथंच पहिल्यांदा कळलं. एकदा एक अंतरा संपला तेव्हा मायचे हात कणकेत थांबले होते. ती म्हणाली, “अरे, ती बाई तं रडी राह्यनी ना या गानामा! आनि तुम्ही त्यावर नाचतस?” आबा दारात वहाणा काढत होते. त्यांनी ऐकलं होतं, पण ते सरळ मोरीकडे गेले आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ पाय धूत राहिले.

धुळ्यातच एक लग्न होतं. मोठं घर, मोठी वरात. मी तेच गाणं धरलं, आणि मुखडा दोनदा झाल्यावर, शिट्टी वाजायच्या आत, सरळ अंतऱ्यात शिरलो. नानांनी क्लॅरिनेट मागोमाग आणलं. ढोलवाले गोंधळले, एकाचा ठेका सुटला. नाचणारी पोरं हात वर करून तशीच उभी राहिली. कुणीतरी ओरडलं, “ए बाई, नाचाचं दे!” आणि आबांची शिट्टी वाजली. लांब आणि कडक. मी थांबलो. मनात नव्हतं, पण गळा थांबला. इतक्या वर्षांची सवय, शिट्टी ऐकली की तो आपोआप मिटायचा. पुढचं गाणं माझ्या तोंडून सुरूसुद्धा झालं होतं, आणि मी स्वतःलाच ऐकत चाललो होतो. त्या चौकापासून मांडवापर्यंत चालताना माझं ठरलं. गंमत म्हणून नाही, पुरुषाच्या आवाजात नाही, बँड लपवून तर मुळीच नाही. जायचं, आणि आहे तसंच जायचं.

निवडीचा दिवस आणि साक्रीचं लग्न एकाच तारखेला होतं. मी आबांना समोर बसूनच सांगितलं, या वेळी लपूनछपून काही केलं नाही. आबा ट्रम्पेट पुसत होते.

“सुपारी लिधेल शे,” ते म्हणाले. “तू जाशी तं लेडीज गानं कोन म्हनी?”

“नाना वाजाडतीन. माले जावानं शे, आबा.”

“गानं आपलं नही रे. वरात आपली शे. नवरदेवले टाइमवर मांडवमा पोचाडनं, हाईच आपलं काम.” मग ट्रम्पेट खाली ठेवून, जरा हळू आवाजात, “तठे लोके तुले हसतीन.”

“आठे बी हसतसच ना.”

“आठे हसतस, पन आठे मी शे.”

आबांच्या तोंडून ‘इथं मी आहे’ असलं वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि नंतरही फारसं ऐकलं नाही. आज मला वाटतं, तिथं मी विरघळायला हवं होतं. पण मी विरघळलो नाही, आणि त्याचा मला पस्तावाही नाही. मी म्हणालो, “तुम्ही शेत, म्हनीसनच माले कोनी पुरं आयकत नही.” आबांचा चेहरा ताठ झाला. ते उठले. “जावानं व्हई तं जाय. पन मंग माइकले हात लावू नको. आनि बँडना ड्रेस बँडना शे, तो आठेच ठेव.”

सकाळी मी साधा शर्ट घालून निघालो, तर मायनं दारात पिशवी हातात दिली. वर फडक्यात तळलेल्या बट्ट्या आणि लसणाची चटणी. खाली माझा लाल डगला, इस्तरी केलेला, झालरीच्या सगळ्या गाठी सोडवलेल्या. आबा ओट्यावरच दाढी करत होते. माय त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “ड्रेस मी धवस, मी इस्तरी करस, बटनं मी टाकस. मंग ड्रेस कोना शे?” आबांचा वस्तरा गालावर थांबला आणि पुन्हा चालू झाला. ते वळले नाहीत. “लोके हसतीन तं हसू दे,” माय मला म्हणाली. “हसीसन थकतीन.”

जळगावला एका शाळेत गर्दीच गर्दी होती. मी मुतारीच्या आडोशाला डगला चढवला आणि रांगेत उभा राहिलो. सगळे जीन्समध्ये, आणि मधोमध मी, सोनेरी झालरी लावलेला. बाहेर कॅमेरा घेऊन फिरणारा एक तरुण धावतच आला. “अरे वा, बँडवाला! जरा नाचून दाखव ना, पिपाणी वाजवल्यासारखं कर!” मी म्हणालो, “मी गायला आलोय.” तो दोनदा हिंदीत, एकदा मराठीत विनवून निघून गेला. सरांचे विद्यार्थीही रांगेत होते. त्यांनी मला ओळखलं आणि तोंड फिरवलं. फिरवा, म्हटलं. माझी झालर तुम्हाला पाठीमागूनही दिसणार आहे.

आत गेलो तर टीव्हीवर दिसतात तसले दिवे नाहीत, ओळखीचा चेहरा नाही. वर्गातलाच एक बाक, त्यामागं तिघं, आणि पंखा. सकाळपासून ऐकून ऐकून त्यांचे डोळे जड झाले होते. मी वरचा आवाज लावला. मधला माणूस दचकून सरळ बसला. बाजूच्या बाईनं हसू दाबलं. मुखडा झाला. आणि मधल्या माणसानं हात वर केला.

“ठीक आहे. थँक यू. पुढचा.”

मला क्षणभर काही कळेना. मग कळलं, आणि पायापासून डोक्यापर्यंत भणाणलो. एवढे अंतरे पाठ केले, चुलीचा धूर खाल्ला, आबांशी बोलणं मोडून आलो, आणि इथंही मुखड्यावरच शिट्टी! टेबलामागचे मुंबईचे, डोक्यावर पंखा, पण रीत तीच आमच्या चौकातली. गळा मिटायला निघाला होता. मी तो मिटू दिला नाही.

“मुखडा झालाय,” मी म्हणालो. “गाणं बाकी आहे.”

“अरे, झालं, झालं. आम्ही ऐकलं.”

मी अंतरा सुरू केला. पहिला, मग दुसरा, एक शब्द न गाळता, त्या रडणाऱ्या बाईचं म्हणणं तिच्याच आवाजात. एको नाही, ढोल नाही, शिट्टी नाही. दारातला माणूस मला बाहेर काढायला दोन पावलं पुढं आला आणि मधेच थांबला. का थांबला, ठाऊक नाही. बाई आता हसत नव्हती. मधला माणूस घड्याळ बघत होता, तो शेवटपर्यंत घड्याळच बघत राहिला. शेवटचा मुखडा म्हणून मी थांबलो आणि म्हणालो, “आता झालं.” नमस्कार करून बाहेर आलो. माझी निवड झाली नाही, व्हायची नव्हतीच. पण त्या दुपारी शाळेच्या पायरीवर बसून बट्ट्या खाताना मला जी भूक लागली होती, तशी विजयी माणसालाच लागते.

हल्ली मला पुतण्या म्हणतो, काका, आता मोबाइलवर पंधरा सेकंदांचंच गाणं चालतं, तुम्ही जुन्या बँडवाल्यांनी हे आधीच ओळखलं होतं. मी त्याला म्हणतो, बाबा रे, ओळखलं होतं म्हणूनच तर भांडलो.

घरी आलो तेव्हा आबा अंगणात बसले होते, साक्रीहून आलेली वाद्यं पुसत. मी समोर उभा राहिलो, डगल्यातच.

“काय व्हयनं?”

“माले नही लिधं. मुखडावरच बस म्हने.”

आबांनी वर बघितलं. “मंग?”

“मी म्हनं, गानं बाकी शे. आनि पुरं म्हनं.”

त्यांनी फडकं पिळलं, झटकलं, तारेवर टाकलं आणि आत गेले. पुढचे काही दिवस आमच्या घरात ताटं वाजत, माणसं बोलत नसत. नरडाण्याचं लग्न आलं तेव्हा मी बाकीच्यांबरोबर गाडी ओढायला लागलो, माइककडे बघितलंही नाही. वरात मारुतीच्या पारावरून निघाली, आणि पहिल्याच वळणावर लेडीज गाण्याची फर्माईश आली. आबांनी माइक उचलला, वायर झटकली आणि माझ्याकडे न बघता माझ्या हातात दिला. मी तेच गाणं धरलं. मुखडा एकदा झाला, दोनदा झाला. आबांनी शिट्टी ओठांत घेतली. वाजली तर काय करायचं, हे माझं ठरलेलं होतं. मी छाती भरून घेतली आणि अंतऱ्याचा पहिला शब्द टाकला.

शिट्टी वाजली नाही. आबा नाचणाऱ्यांमधून वाट काढत मागं गेले आणि त्यांनी नवरदेवाच्या घोड्याचा लगाम हातात धरला. घोडा थांबला, वरात थांबली. नानांचं क्लॅरिनेट माझ्या मागोमाग आलं, ढोल हलक्या हातानं ठेका धरू लागले. नवरीचा बाप मांडवाकडून घामाघूम होऊन धावत आला आणि ओरडला, “मास्तर, काब्र थांबनात? मुहूर्त टळी राह्यना!”

ज्या माणसानं जन्मभर नवरदेव वेळेवर पोचवले, तो लगाम न सोडता म्हणाला, “थांबा जरासं. गानं बाकी शे.”